घरच्या वजनकाट्यावर घनता : वस्तुमान आणि आकारमान यांचा संबंध कसा समजून घ्यावा

किराणा दुकानात खाद्यतेलाचा १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारीशेजारी मांडलेले असतात. दोन्ही पत्र्याचे, दिसायलाही जवळपास सारखे. किमतीत मात्र फरक असतो आणि अनेक गिऱ्हाइके स्वस्त डबा उचलून निघून जातात. एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम असे छापलेले असते, ते वाचले तर या फरकाचा उलगडा होतो. १५ लिटर तेल वजनकाट्यावर १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे १५ किलोच्या डब्यापेक्षा सुमारे १ किलो ३५० ग्रॅम कमी. दोन्ही डब्यांवरचे आकडे खरेच आहेत; एक आकडा वस्तुमानाचा आहे, दुसरा आकारमानाचा, आणि या दोहोंना जोडणारी राशी म्हणजे घनता.

नववी-दहावीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे उमेदवार आणि शाळा सोडून बरीच वर्षे झालेले पालक या सर्वांना हा विषय सूत्रापुरता ठाऊक असतो, परंतु प्रत्यक्ष वस्तू हातात घेतली की नेमके काय मोजायचे, येथे गाडी अडते. माझ्या मते याचे कारण असे की, सूत्रातील दोन्ही राशी सारख्याच सोप्या आहेत असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. वस्तुमान मोजणे सरळ असते. घनतेचे उत्तर चुकते ते बहुतेक वेळा आकारमानापाशी. म्हणून या लेखात आकारमानावरच अधिक वेळ घालवला आहे.

आधी तीन राशी वेगळ्या कराव्यात

वस्तूमध्ये द्रव्य किती आहे, याचे माप म्हणजे वस्तुमान. वस्तू तापवली, वितळवली, दाबली किंवा चंद्रावर नेली तरी ते बदलत नाही. वजन ही निराळी गोष्ट आहे. पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल म्हणजे वजन, आणि चंद्रावर ते सुमारे एक षष्ठांश होते. स्प्रिंगच्या काट्यावर हा फरक तेथे लगेच दिसेल, परंतु दोन पारड्यांच्या तागडीत दिसणार नाही, कारण वस्तू आणि वजनमापे दोन्ही सारख्याच प्रमाणात हलकी होतील. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा प्रत्यक्षात बल मोजतो आणि ते ग्रॅममध्ये दाखवतो. पृथ्वीवर राहून काम करायचे असल्याने आपल्याला त्याची अडचण नाही. व्यवहारात ‘वजन ५०० ग्रॅम’ असे म्हणण्यात काही बिघडत नाही, मात्र उत्तरपत्रिकेत वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वजन न्यूटनमध्ये लिहावे.

वस्तूने व्यापलेली जागा म्हणजे आकारमान. नियमित आकाराच्या वस्तूचे आकारमान भूमितीच्या सूत्राने काढता येते, परंतु तेथेही एक खाच आहे. ४ सेंटिमीटर व्यासाच्या बेसनलाडवाऐवजी ८ सेंटिमीटर व्यासाचा लाडू वळला, तर व्यास दुप्पट झाला असला तरी आकारमान आठपट होते आणि पीठही आठपट लागते. लांबी मोजताना झालेली लहानशी चूक आकारमानात सुमारे तिप्पट होऊन उतरते: चेंडूचा व्यास मोजताना दोन टक्क्यांची चूक झाली, तर आकारमानात सहा टक्क्यांची होते.

वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. घनता = वस्तुमान ÷ आकारमान. त्यावरूनच वस्तुमान = घनता × आकारमान आणि आकारमान = वस्तुमान ÷ घनता ही दोन रूपे निघतात. शिकवणी वर्गांत या तीन रूपांसाठी एक त्रिकोण पाठ करून घेतात. तो टाळलेला बरा, कारण घनतेचे एकक सगळे सांगतच असते. ‘ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर’ याचा अर्थच असा की, ग्रॅमला घन सेंटिमीटरने भागायचे. तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, म्हणजे तांब्याच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये ८.९६ ग्रॅम द्रव्य आहे, एवढे वाक्य मनात उमटले तर कोठे गुणायचे आणि कोठे भागायचे हे वेगळे आठवावे लागत नाही. तांब्याच्या पट्टीचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान निम्मे होते आणि आकारमानही निम्मे होते. भागाकार मात्र तोच राहतो. म्हणून घनता ही त्या विशिष्ट वस्तूची नव्हे, तर ती ज्या पदार्थाची बनली आहे त्याची ओळख मानली जाते.

एककांच्या रूपांतरात विद्यार्थ्यांचे गुण सर्वाधिक जातात. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, परंतु १ घनमीटर म्हणजे १०० × १०० × १००, अर्थात १०,००,००० घन सेंटिमीटर. १ किलोग्रॅम म्हणजे १००० ग्रॅम. त्यामुळे १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर म्हणजे १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर होतात. पाण्याचा आकडा असा नेमका १ यावा, हा योगायोग नाही. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला गेला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्यावरून. नंतर, पाणी सर्वांत दाट असते ते सुमारे ४ अंश सेल्सिअसचे तापमान त्यासाठी धरले गेले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पाण्यावर नव्हे, तर प्लांकचा स्थिरांक या भौतिकशास्त्रातील न बदलणाऱ्या राशीवर आधारलेली आहे, तरीही ४ अंशांच्या पाण्याची घनता आजही ०.९९९९७ येते. घरच्या कामासाठी ती १ धरावी. पुढची सगळी पद्धत या सोयीवर उभी आहे.

पाण्याची पातळी पाहून आकारमान का काढू नये

आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट सर्वांना माहीत असते. सिराक्यूजच्या हिएरो राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली आहे का, हे त्याने मुकुट पाण्यात बुडवून, सांडलेल्या पाण्यावरून ओळखले, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने लिहून ठेवले आहे. आकडे मांडून पाहिले तर या गोष्टीबद्दल शंका येते. १ किलो शुद्ध सोन्याचे आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर असते. त्यातील ३०० ग्रॅम सोने काढून तेवढीच चांदी मिसळली तर ते सुमारे ६५ होते. हा १३ घन सेंटिमीटरचा फरक २० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात पातळीच्या अर्ध्या मिलिमीटरइतकाही दिसत नाही. गॅलिलिओनेही १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हीच शंका घेतली आणि आर्किमिडीजने मुकुट पाण्यात बुडवून तोलला असला पाहिजे, असे सुचवले.

घरातल्या साध्या पेल्याचेही तेच आहे. ७ सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात पातळीचा एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ४ घन सेंटिमीटर. शाळेच्या प्रयोगशाळेतील अरुंद मोजपात्र याहून पुष्कळ बरे, मात्र त्यात पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला असतो, म्हणून डोळा पातळीच्या रेषेत आणून मधल्या खोलगट भागाचा तळ वाचावा लागतो. त्यापेक्षा आकारमानसुद्धा वजनकाट्यावरच मोजणे केव्हाही सोपे.

बत्त्याची घनता, एक एक पायरीने

खलबत्त्यातला पितळी बत्ता, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा, एक मोठा पेला आणि शिवणाचा दोरा एवढे साहित्य पुरते. प्रथम कोरडा बत्ता काट्यावर ठेवून वस्तुमान लिहून घ्यावे. समजा, ते ५१० ग्रॅम आले. पेल्यात बत्ता पूर्ण बुडेल, तरीही पाणी सांडणार नाही इतके पाणी घ्यावे आणि पेला काट्यावर ठेवून आकडा टिपावा. येथे काटा शून्य करण्याचे बटण दाबण्याचा मोह टाळावा, कारण काही स्वस्त काटे शून्याच्या जवळ एखाददुसरा ग्रॅम गिळून टाकतात. आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून वजाबाकी करणे अधिक भरवशाचे. समजा, पेला आणि पाणी मिळून ७४० ग्रॅम झाले.

आता बत्त्याला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेपर्यंत सोडावा. तो तळाला किंवा पेल्याच्या कडेला टेकता कामा नये. हात थरथरत असेल तर पुस्तकांच्या दोन चळतींवर लाटणे आडवे ठेवून दोरा त्याला बांधावा. बत्त्याच्या अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकावेत. काट्यावर आता ८०० दिसेल. बत्ता दोऱ्याला लटकलेला असूनही आकडा ६० ने वाढला, आणि हे ६० म्हणजेच बत्त्याचे घन सेंटिमीटरमधील आकारमान.

असे का होते, ते नीट समजून घ्यावे, कारण येथे पाठांतर उपयोगाचे नाही. पाणी बत्त्याला वरच्या दिशेने ढकलते, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हे प्लावक बल बत्त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. पाणी बत्त्याला जितके वर ढकलते, तितकाच बत्ता पाण्याला खाली ढकलतो, आणि तो दाब पेल्यामार्फत काट्यावर पोहोचतो. बत्त्याचा उरलेला भार दोरा पेलतो. म्हणून काट्यात वाढलेले ६० ग्रॅम हे बाजूला सारलेल्या पाण्याचे वस्तुमान आहे, आणि पाण्याची घनता १ असल्याने त्याचे आकारमान ६० घन सेंटिमीटर. बत्ता चुकून तळाला टेकला तर दोरा सैल पडतो आणि आकडा एकदम ७४० अधिक ५१०, म्हणजे १२५० च्या दिशेने उडी मारतो. ही उडी दिसली की चूक कोठे आहे हे आपोआप कळते.

५१० भागिले ६० म्हणजे ८.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पितळेची घनता, त्यातील तांबे आणि जस्त यांच्या प्रमाणानुसार, साधारण ८.४ ते ८.७ असते, तेव्हा बत्ता पितळेचाच आहे असे मानायला हरकत नाही. तेवढ्याच आकाराचा बिडाचा बत्ता सुमारे ४३० ग्रॅम भरला असता आणि ॲल्युमिनियमचा १६२ ग्रॅम.

उत्तराचा भरवसा किती, हेही लगेच पाहावे. काटा एक ग्रॅमपर्यंतच सांगत असल्याने आकारमान ५९ ते ६१ च्या दरम्यान काहीही असू शकते, म्हणजे घनता ८.३६ ते ८.६४ च्या मध्ये कोठेतरी. ५१० मधली एक ग्रॅमची चूक तुलनेने नगण्य आहे. अशा भागाकारात कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्हापुढे चार-पाच अंक दिसले म्हणून ते तसेच उतरवून काढण्यात अर्थ नाही, येथे ८.५ एवढेच लिहिणे प्रामाणिक. पाणी ३० अंशांचे असेल तर त्याची घनता ०.९९५७ असते, पण ही अर्ध्या टक्क्याहून कमी चूक काट्याच्या चुकीत बुडून जाते. लहान वस्तू मोजायची असेल तर एकट्या वस्तूऐवजी तशाच दहा-वीस वस्तू एकत्र बांधून मोजाव्यात.

तरंगणाऱ्या, विरघळणाऱ्या आणि सुट्या वस्तू

लाकूड किंवा मेण पाण्यावर तरंगते, म्हणजे त्याची घनता १ पेक्षा कमी आहे हे मोजण्याआधीच कळते. आकडा काढायचा असेल तर दोऱ्याऐवजी दाभणासारख्या बारीक टोकाने वस्तू पाण्याखाली दाबून धरावी. काट्यावरची वाढ पूर्वीसारखीच तिचे आकारमान सांगते. बर्फाची घनता ०.९१७ असल्याने त्याच्या आकारमानाचा जवळजवळ बारावा हिस्सा पाण्याबाहेर राहतो.

खडीसाखर पाण्यात विरघळेल, म्हणून ती तेलात बुडवावी. येथे एक पायरी वाढते: काट्यावरची वाढ ही बाजूला सारलेल्या तेलाचे वस्तुमान असते, तिला तेलाच्या घनतेने, म्हणजे ०.९१ ने भागल्यावर आकारमान मिळते. १०० ग्रॅम खडीसाखरेने ५७ ग्रॅमची वाढ दाखवली, तर आकारमान सुमारे ६३ घन सेंटिमीटर आणि घनता सुमारे १.६ येते. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ आहे.

तांदूळ, रवा, वाळू अशा सुट्या पदार्थांच्या बाबतीत आधी एक प्रश्न विचारावा लागतो: आकारमान कोणाचे, दाण्यांचे की दाणे आणि मधली हवा मिळून? वाटी तांदळाने काठोकाठ भरली आणि त्यात हळूहळू पाणी ओतले, तर वाटीच्या आकारमानाच्या साधारण ४० टक्के पाणी दाण्यांच्या फटींत मावते. म्हणजे भरलेली वाटी ही खरे तर अर्ध्याहून थोडी अधिकच भरलेली असते. पूर्वी गावोगावी धान्य पायलीने मोजत, तेव्हा पायली सपाट की शिगोशीग आणि दाणे हलवून बसवलेले की सैल ओतलेले, यावरून होणारी घासाघीस याच फटींबद्दलची होती.

बांधकामाची वाळू आपल्याकडे अजूनही ब्रासने विकली जाते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. वाळूच्या दाण्याची घनता २.६५ असली तरी कोरड्या ढिगाची, फटींसह, साधारण १.६ असते, त्यामुळे एक ब्रास कोरडी वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. वाळू किंचित ओली झाली की प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, दाणे एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग फुगतो. बारीक वाळूत पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना हा फुगवटा २० ते ३० टक्क्यांपर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक, जातो. घेणाऱ्याने पैसे मोजले पूर्ण ब्रासचे, वाळू मिळाली पाऊण-एक ब्रास, आणि मापात कोणी काटा मारलेला नाही, असा हा प्रकार आहे. तपासणी अगदी सोपी: सरळ बाजूंच्या भांड्यात ओलसर वाळू भरून उंची मोजावी, मग वाळू बुडेल इतके पाणी घालून ढवळावी. पूर्ण भिजल्यावर दाणे पुन्हा खाली बसतात आणि कोरड्या वाळूइतकीच उंची घेतात. २० सेंटिमीटरची वाळू १६ वर आली, तर १६ वर ४ म्हणजे २५ टक्के फुगवटा होता.

तापमान आणि वायू

द्रव पदार्थ तापला की पसरतो. वस्तुमान तेच राहते, आकारमान वाढते, म्हणून घनता उतरते. पेट्रोल दर अंशाला जवळजवळ ०.१ टक्का पसरते, त्यामुळे १५ अंशांवर ७५० किलोग्रॅम प्रति घनमीटर असलेले पेट्रोल ४० अंशांवर सुमारे ७३२ होते. पंपावर घनतेचा आकडा लिहिलेला असतो तो १५ अंशांवर आणून, आणि ग्राहकाने मागणी केल्यास पंपावर हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता वाचण्याचे उपकरण) आणि तापमापी लावून घनता तपासून दाखवावी लागते; नोंदीतील आकड्यापेक्षा ३ किलोग्रॅम प्रति घनमीटरपर्यंतचा फरक चालतो. पहाटे थंडीत पेट्रोल भरले तर जास्त मिळते, असा सल्ला अनेक जण देतात. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे हलत नाही, त्यामुळे त्यासाठी झोपमोड करण्याचे कारण नाही.

वायूंच्या बाबतीत दाब आणि तापमान सांगितल्याशिवाय घनतेला अर्थच नसतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर लिटर न लिहिता १४.२ किलो असे लिहिलेले असते, कारण आत खाली द्रव आणि वर वायू असतो आणि दोघांची घनता अगदी भिन्न असते. हवा हलकी वाटते, पण २० अंशांवर तिची घनता सुमारे १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीतली हवा ४३ किलो भरते.

घनतेवरून पदार्थ ओळखताना

घनता हा एकच आकडा असल्यामुळे दोन विरुद्ध बदल त्यात एकमेकांना झाकू शकतात. दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२ असते आणि दुधात तरंगवायचा लॅक्टोमीटर तीच आपल्या पट्टीवर ‘डिग्री’ म्हणून दाखवतो. पाणी घातले की आकडा उतरतो. परंतु साय दुधाहून हलकी असल्यामुळे ती काढून घेतली की आकडा चढतो. साय काढून मग बेताने पाणी घातले तर लॅक्टोमीटर निमूटपणे योग्य डिग्री दाखवतो. दूध संकलन केंद्रावर डिग्रीबरोबर फॅट मोजतात ते म्हणूनच.

सोन्यासाठी वरचीच दोऱ्याची पद्धत वापरता येते, मात्र ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. ५ ग्रॅमच्या २२ कॅरेट अंगठीचे आकारमान जेमतेम ०.२८ घन सेंटिमीटर असते. स्वयंपाकघरातील काट्याला ते दिसणारही नाही. शुद्ध सोन्याची घनता १९.३, २२ कॅरेटची १७.८ च्या आसपास आणि १८ कॅरेटची साधारण १५.५ असते, त्यामुळे भरीव आणि खडे नसलेल्या दागिन्याबाबत ढोबळ अंदाज बांधता येतो. आत लाख भरलेल्या दागिन्यांवर, पोकळ बांगड्यांवर किंवा मोत्यांच्या नथीवर ही पद्धत चालत नाही, कारण मोजलेले आकारमान एकट्या सोन्याचे नसते. शिवाय टंगस्टन या धातूची घनता १९.२५ आहे, सोन्याच्या इतकी जवळ की, हा काटा दोघांत भेद करू शकत नाही. हॉलमार्किंग केंद्रांत त्यामुळे क्ष-किरणांनी धातूंचे प्रमाण दाखवणारे यंत्र वापरतात, आणि नेमकी शुद्धता ठरवण्यासाठी दागिन्याचा छोटा नमुना काढून तो भट्टीत घालतात.